पैसे मोजून केलेला प्रयोग

"उंदीर करतील तुझा," दादा म्हणाला.

रविवारची दुपार होती, जेवणं नुकतीच आटोपली होती. आम्ही सगळे खाली मांडी घालून बसलेलो आणि वहिनी एकटी खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. गुडघ्याच्या कूर्चेवरच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवर असते त्या मऊ गादीवरच्या, एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, डॉक्टरांनी मला त्यात येणार का विचारलंय, एवढंच मी सांगितलं होतं. त्यावर दादाचं हे उत्तर. आणि याच दादानं दोन वर्षांपूर्वी वहिनीला मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकमध्ये नेऊन तिच्या दोन्ही गुडघ्यांत 'स्टेम सेल'ची, म्हणजे ज्यांपासून नव्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींची, इंजेक्शनं देऊन आणली होती. खर्च एक लाख साठ हजार. काय टोचलं, ते कुठून आणलं, आधी किती जणांना दिलं होतं, त्यातल्या किती जणांना गुण आला, यातलं काहीही कागदावर नाही. घरात आहे ती फक्त पावती. तिच्यावर लिहिलंय 'प्रोसीजर चार्जेस'.

दादाच्या हिशेबानं वहिनीचा झाला तो उपचार आणि माझा होणार तो प्रयोग. मला नेमकं उलटं वाटतं. प्रयोग वहिनीवर झाला, तोही तिच्याच पैशानं. आणि त्याची कुठंच नोंद झाली नसल्यानं पुढच्या कुणालाही त्यातून काही कळणार नाही, म्हणून तो वायाही गेला. आपल्याकडे 'चाचणी' हा शब्द ऐकला की माणसं दचकतात, आणि 'लेटेस्ट ट्रीटमेंट' हा शब्द ऐकला की एफडी मोडतात. गुडघ्याच्या बाबतीत तरी ही भीती चुकीच्या दाराशी उभी आहे.

आधी माझा गुडघा. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी कबड्डी खेळलो, मातीतली. पाय कुणीतरी धरलाय आणि अंग रेषेकडे वळतंय, या एका क्षणात गुडघ्याचं काय होतं ते खेळलेल्याला वेगळं सांगायला नको. त्यानंतर शाळेत मास्तरकी. चाळिशी उलटल्यावर जिना उतरताना कळ यायला लागली, कधीकधी गुडघा मध्येच अडकायचा. एमआरआय काढला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर, आतल्या बाजूला, कूर्चेत साधारण अडीच चौरस सेंटीमीटरचा खड्डा.

आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे, 'गादी झिजली'. नाहीतर 'वंगण संपलं'. पण वहिनीचा गुडघा आणि माझा गुडघा यांत मोठा फरक आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर एकच खोल खड्डा पडलाय, तो माझा. अख्खा रस्ताच उखडलाय, खालची खडी वर आलीय, कडा खचल्यात, तो वहिनीचा. खड्डा बुजवायची युक्ती अख्ख्या रस्त्याला चालत नाही. कूर्चा दुरुस्तीच्या चाचण्यांत म्हणूनच सहसा तरुण आणि मध्यमवयीन माणसं घेतात, वजन फार नसलेली, गुडघ्यातले दोर शाबूत असलेली, एक-दोनच खड्डे असलेली. साठीच्या वरच्या, संधिवातानं गुडघा वाकडा झालेल्या माणसाला तिथं दार बंद असतं. जाहिरातीत मात्र दोन्ही रस्ते एकाच पिंपातल्या डांबरानं दुरुस्त होतात.

कूर्चेची अडचण अशी की तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. कातडी कापली तर रक्त येतं, खपली धरते, जखम भरते. कूर्चेत यातलं काही घडत नाही. एकदा नासलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ साली मांडलं होतं. पानिपतसुद्धा अजून व्हायचं होतं. तेव्हापासून आजवर झालेल्या सगळ्या खटपटी त्या एका वाक्याला खोटं पाडण्याच्या आहेत, आणि पूर्ण यश अजून कुणालाच आलेलं नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी एक साधी शस्त्रक्रिया रूढ केली. चप्पल शिवायच्या आरीसारख्या टोकदार हत्यारानं खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक भोकं पाडायची. आतल्या मज्जेतलं रक्त वर येतं, साकळतं, आणि त्यातून एक भरावा तयार होतो. तो खऱ्या कूर्चेपेक्षा राठ असतो आणि काही वर्षांनी बऱ्याच जणांत त्याचा गुण ओसरतो. पण शस्त्रक्रिया एकच, खर्चही कमी. दुसरी वाट स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. तिथं लार्स पीटरसन आणि माट्स ब्रिटबर्ग यांनी १९८७पासून रुग्णाच्याच गुडघ्यातला कूर्चेचा छोटा तुकडा काढून, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, काही आठवड्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात भरायला सुरुवात केली. १९९४ साली त्यांनी २३ रुग्णांचा अहवाल छापला. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या ७ पैकी फक्त दोघांना. जगभर बोलबाला झाला. अमेरिकेत अशा पेशींना १९९७ साली परवानगी मिळाली, भारतात याच जातीच्या उत्पादनाला २०१७ साली.

त्या २३ जणांच्या अहवालात एक उणीव होती, आणि ती लेखकांची लबाडी नव्हती, तो पहिल्या पावलाचा स्वभावच असतो. शेजारी तुलनेला कुणी नव्हतं. नुसती भोकं पाडली असती तर? नुसता व्यायाम दिला असता तर? हे प्रश्न सोडवायला दोन गट लागतात. मला विचारलं होतं ती चाचणी त्याच प्रकारची होती. एका गटाला नव्या पद्धतीनं पेशी, दुसऱ्याला आरीची भोकं. कोण कुठल्या गटात, ते ना मी ठरवणार ना डॉक्टर.

इथं दादाचा खरा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "म्हणजे त्यांनाच ठाऊक नाही काय बरं ते?" बरोबर, ठाऊक नाही. आणि ते तसं लिहून देतात. वहिनीला ज्यानं सुई टोचली त्यालाही ठाऊक नव्हतं, पण त्यानं तसं सांगितलं नाही.

वहिनीला गुण आला नाही का? आला. चार महिने ती खरोखर बरी चालत होती, देवळाच्या पायऱ्या चढली, दादानं नात्यातल्या आणखी तिघांना त्या क्लिनिकचा नंबर दिला. मग हळूहळू सगळं पूर्वपदावर. हे चार महिने खोटे नव्हते. पण ते कशामुळे आले, हे गुडघ्याच्या बाबतीत सांगणं महाकठीण असतं. कारण गुडघेदुखी चढते-उतरते, माणूस डॉक्टरकडे जातो तो ती सगळ्यात चढलेली असताना, आणि आपण काहीतरी मोठं करून घेतलं या भावनेला दुखणं भलतंच बधतं.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा आहे. ब्रूस मोझली या शस्त्रवैद्यानं निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात १८० रुग्णांचे तीन गट केले. सगळ्यांना गुडघ्याचा संधिवात. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्याला फक्त कातडीवर छेद दिले. धुतल्याचा आवाज यावा म्हणून शेजारी पाणी उडवलं. त्या रुग्णांनी यासाठी आधीच संमती दिली होती, आपल्या वाट्याला कदाचित नाटकच येईल हे ठाऊक असताना. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांत फरक नाही. हा निष्कर्ष २००२ साली छापून आला आणि लाखो लोकांवर होणाऱ्या एका शस्त्रक्रियेचा पायाच हलला. ते १८० जण उंदीर होते का? मला तर वाटतं, त्यांच्या जिवावर आज कितीतरी म्हाताऱ्यांचे गुडघे फुकट उघडले जायचे वाचलेत.

इंजेक्शनांचंही तेच. स्वतःचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात टोचतात, त्याला पीआरपी म्हणतात, आता तालुक्याच्या गावीही मिळतं. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर त्याची मिठाच्या पाण्याशी तुलना केली. २०२१ साली निकाल आला. वर्षभरानंतर दुखण्यातही ठळक फरक नाही आणि कूर्चेतही नाही. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशींच्या इंजेक्शनांची साध्या स्टिरॉइडशी तुलना झाली. २०२३ साली निकाल आला, वर्षानंतर पेशींचा एकही प्रकार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन काहीशे रुपयांत मिळतं. वहिनीची पावती पुन्हा आठवा.

म्हणजे सगळं थोतांड आहे का? नाही. बेंगळुरूच्या एका कंपनीच्या स्टेम सेल उत्पादनाला गुडघ्याच्या मध्यम संधिवातासाठी २०२२ साली आपल्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली, आणि ती मिळण्याआधी १४६ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली होती. काहींना पेशी, काहींना पेशी नसलेलं इंजेक्शन. त्या चाचणीवर कुणाला शंका घ्यायची तर घेता येते, कारण ती छापलेली आहे, आकडे समोर आहेत. भांडायला जागा आहे. वहिनीच्या क्लिनिकशी भांडायचं तर कशावरून भांडणार?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, स्टेम सेलविषयी २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती फार स्पष्ट आहेत. मान्यता मिळालेल्या मोजक्या आजारांखेरीज कुठंही स्टेम सेल वापरायच्या असतील तर त्या मंजूर चाचणीतच वापरायच्या. 'उपचार' म्हणून बाहेर विकणं अनैतिक आहे. तरी रस्त्यावरचे फलक पाहा. लांबून आधार कार्डासारखा गंभीर चेहरा करून डॉक्टर उभे असतात आणि बाजूला 'ऑपरेशनशिवाय नवा गुडघा'. माझं म्हणणं सरळ आहे. जे परवानगी मिळालेलं उत्पादन नाही ते गुडघ्यात टोचायचं असेल तर नोंदणी केलेल्या चाचणीत टोचा, फुकट टोचा, आणि काय झालं ते लिहून ठेवा. यातलं एकही जमत नसेल तर टोचू नका. राज्याच्या वैद्यक परिषदेला आणि अन्न व औषध प्रशासनाला हे बघायला दुर्बीण लागत नाही, वर्तमानपत्राचं आतलं पान पुरे.

आता चाचणीतल्या माणसाच्या हाती काय असतं ते. आपल्याकडे प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद करणं जून २००९पासून सक्तीचं आहे, आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर उघडून बघता येते. मी बघितली, माझी चाचणी तिथं होती, क्रमांकासकट. २०१९च्या नव्या नियमांनुसार नीतिसमितीत, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीत, किमान सात जण लागतात. त्यात एक कायदा जाणणारा, एक स्त्री, आणि एक अगदी सामान्य माणूस, ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट, आणि इजा चाचणीमुळे झालेली नाही हे ठरेपर्यंत ते चालूच ठेवायचे. जीव गेला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. पायाभूत रक्कम ८ लाख, तिला वयाचा आणि आधीच्या आजाराच्या जोखमीचा गुणक. आठ लाखांत माणसाची किंमत होते का, हा प्रश्न आहेच. पण सूत्र तरी आहे.

हे नियम कुणी आपण होऊन दिलेले नाहीत, हेही सांगायला हवं. दादाच्या भीतीला इतिहास आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत २००९-१०मध्ये शाळकरी मुलींवर एचपीव्ही लशीचा जो प्रकल्प झाला, त्यात संमती कशी घेतली गेली याचे धिंडवडे संसदेच्या समितीनं काढले. इंदूरच्या रुग्णालयांत रुग्णांना न सांगता चाचण्या झाल्याच्या तक्रारी घेऊन स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या रेट्यातून २०१३चे बदल आले, मग २०१९चे नियम. ज्यांच्यावर खरोखर 'उंदीर' म्हणून प्रयोग झाले त्यांनी आरडाओरडा केला म्हणून माझ्या फॉर्ममध्ये आज विम्याचा परिच्छेद आहे. त्यामुळे चाचणीबद्दल संशय असणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. त्यानं तो संशय फॉर्म हातात घेऊन वापरावा, एवढंच.

आणि फॉर्म! त्याबद्दल मास्तर म्हणून मला थोडं बोलू द्या.

अठरा पानं. मराठीत. म्हणजे अक्षरं मराठी. 'आपणास यादृच्छिकीकरणाद्वारे दोहोंपैकी एका अभ्यास शाखेत नेमण्यात येईल.' 'अन्वेषक वा प्रायोजक आपला सहभाग संपुष्टात आणू शकतील.' 'प्रतिकूल घटना उद्भवल्यास.' मी दहावीला मराठी शिकवतो आणि मला तिसरं पान दोनदा वाचावं लागलं. माझ्याबरोबर बाकावर बसलेला गवंडीकाम करणारा मुलगा, तिशीचा असेल, त्यानं पानं उलटली आणि मला विचारलं, "सर, सही कुठं करायची?" अठरा पानांतून त्याला समजलेली गोष्ट ही एवढीच.

मी त्याला सांगितलं, चिठ्ठ्या टाकणार आहेत. एका चिठ्ठीत नवीन उपचार, एकीत जुना. तुला कुठली येईल ते देवाला ठाऊक. मध्येच सोडून जावंसं वाटलं तर कारण न सांगता जाता येतं, तुझा नेहमीचा उपचार कुणी थांबवणार नाही. त्यानं लगेच विचारलं, "जुनी चिठ्ठी आली तर बदलून मिळंल का?" बघा, अठरा पानांना जे जमलं नाही ते चार वाक्यांत झालं, आणि त्याचा प्रश्न अख्ख्या विषयाच्या गाभ्याला भिडला. भाषांतर अचूक असल्याचा दाखला जोडायची पद्धत आहे. समजल्याचा दाखला कुणी मागत नाही. माझी सूचना अशी की नीतिसमितीतल्या त्या 'सामान्य माणसा'नं फॉर्म वाचून स्वतःच्या शब्दांत सांगावा, तोंडी, समितीसमोर. त्याला जमलं नाही तर फॉर्म परत पाठवावा. आणि सही घेण्यापूर्वी रुग्णानंही तेच करावं. 'समजलं का?' असं विचारलं की आपली माणसं मान डोलावतात, समोरच्याचा मान राखायला. 'काय समजलं ते सांग' असं विचारायला हवं.

गवंड्याच्या प्रश्नामागच्या समजुतीला वैद्यकीय नीतिशास्त्रात एक नाव आहे, 'थेरप्युटिक मिसकन्सेप्शन', म्हणजे चाचणीलाच उपचार समजण्याचा गैरसमज. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिलं की चाचणीतली माणसं मनोमन समजून चालतात की इथला प्रत्येक निर्णय माझ्या भल्यासाठी होतोय, जसा दवाखान्यात होतो. होत नसतो. चाचणीचा हेतू पुढच्या रुग्णांसाठी काहीतरी शोधून काढणं हा असतो. तुमचं भलं झालं तर आनंदच, पण चिठ्ठी तुमचा गुडघा बघून निघत नाही. ज्याला हे पचत नाही त्यानं चाचणीत जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. आपल्याला यात एखादी गोष्ट मिळेल म्हणून गेलात तर फसवणूक झाल्यासारखं वाटेल, आणि ती फसवणूक कुणी केलेली नसेल.

मोजमापाचाही एक मुद्दा आहे. एके दिवशी समन्वयक बाईंनी मला प्रश्नावली भरायला दिली. "मोजे घालताना किती त्रास होतो?" मी चपला घालतो. "गाडीत बसताना-उतरताना?" मोटारसायकल आहे. "बाथटबमध्ये शिरताना?" इथं त्याही हसल्या. ही वोमॅक नावाची प्रश्नावली १९८०च्या दशकात कॅनडात तयार झाली आणि गुडघ्याच्या चाचण्यांत जगभर चालते. तिच्या २४ प्रश्नांत मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. आपल्याकडच्या माणसाला गुडघा कशासाठी हवा असतो? पंगतीला बसायला, देशी संडासाला, भजनाला, भांगलणीला. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या संधिवात केंद्रानं, ज्यांनी १९९६ साली भिगवण गावात घरोघर जाऊन संधिवाताची पाहणी केली होती, आपल्या सवयींना धरून बदललेली वोमॅक वापरात आणली. मग ती सगळीकडे का नाही? मोजे घालता येणं म्हणजे यश असं मोजत राहिलो तर वहिनी खुर्चीवर जेवत राहील आणि अहवालात ती 'सुधारली' असं लिहिलेलं असेल.

उलटही होतं. स्प्रिफर्मिन नावाच्या औषधाच्या ५४९ रुग्णांवरच्या चाचणीत, २०१९ साली छापलेल्या, कूर्चा एमआरआयवर खरोखर किंचित जाड झालेली दिसली. दुखणं मात्र औषध नसलेल्या गटाइतकंच. फोटोत गादी वाढली आणि माणूस तसाच लंगडतोय. त्यामुळे कुणी आधीचा-नंतरचा एमआरआय टेबलावर ठेवून भुरळ घालू लागला तर त्याला विचारा, खाली बसता येईल का?

सगळ्यात अवघड प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर मला रुचत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो. कुबड्या, फिजिओथेरपी, मग महिनोन्महिने व्यायाम. मला रजा आहे, पगार चालू राहतो. त्या गवंड्याला कोण देणार? आमच्या भागात उसाच्या फडात राबणाऱ्या बाईचा गुडघा माझ्याहून कितीतरी जास्त वापरला गेलाय, पण ती मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असते, ती दोन महिने कुबड्यांवर कशी बसणार? म्हणजे चाचणीत येतात ते माझ्यासारखे रजावाले, आणि निष्कर्ष लावले जातात फडातल्या गुडघ्यांना. आयसीएमआरची तत्त्वं प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायला परवानगी देतात. व्यवहारात एसटीचं भाडं आणि चहापाणी इतकंच हाती पडतं. कारण विचारलं की उत्तर येतं, जास्त पैसे दिले तर गरीब माणूस लोभानं येईल. गरिबाच्या लोभाची चिंता करणारे त्याच्या बुडालेल्या रोजाची चिंता करत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही. मजुरी म्हणजे लालूच नव्हे. आठ आठवड्यांचा रोज, सरकारी किमान वेतनानं, चाचणीच्या खर्चात धरा. कंपनीला परवडत नसेल तर चाचणी परवडत नाही.

पण इतकं सगळं नीट केलं तरी चाचणी आणि परवानगी यांवर डोळे मिटून विश्वास टाकावा का? दक्षिण कोरियात इन्व्होसा नावाच्या इंजेक्शनला २०१७ साली परवानगी मिळाली. गुडघ्याच्या संधिवातावरचं पेशी-जनुकीय औषध म्हणून केवढं कौतुक झालं. ३ हजारांहून जास्त लोकांनी ते टोचून घेतलं. मग अमेरिकेतल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीच्या निमित्तानं पेशींची ओळखपरेड झाली, आणि कळलं की त्यातल्या एका प्रकारच्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच, मूत्रपिंडापासून आलेल्या होत्या. २०१९च्या मार्चमध्ये विक्री थांबली, मे महिन्यात परवानगी रद्द करत असल्याचं जाहीर झालं. चाचण्यांतून, सरकारी नजरेखालून ही चूक वर्षानुवर्षं निसटली. दादाला मी हे आपण होऊन सांगितलं, त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून. तो खूश झाला. मग मी विचारलं, ही चूक सापडली कशी? पेशी तपासल्या गेल्या म्हणून, आणि ज्यांना टोचलं त्यांची यादी होती म्हणून. त्या लोकांना पुढं काय होतंय ते बघत राहायची व्यवस्था करता आली. वहिनीच्या गुडघ्यात मूत्रपिंड गेलं की मिठाचं पाणी, हे कुणाच्या यादीत बघणार?

मी सही केली. करण्याआधी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन प्रश्न लिहून उत्तरं मागितली. कुबड्यांच्या काळात फिजिओथेरपीला यायचा खर्च कुणाचा, आणि चाचणी संपल्यावर निकाल मला कोण कळवणार, मराठीत. पहिल्याचं उत्तर लगेच मिळालं. दुसऱ्यावर समन्वयक बाई थांबल्या, म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आठवड्यानं फोन आला, कळवू, लिहून देतो. द्यायलाच हवं होतं. ज्यानं गुडघा दिला त्याला उत्तर कळू नये, ही कुठली रीत?

चिठ्ठी निघाली. मला जुना उपचार आला, आरीची भोकं. आणि वर इतकं सगळं लिहिणाऱ्या माझा चेहरा त्या दिवशी पडला, हे कबूल करतो. बसस्टँडवर येईपर्यंत मनात गवंड्याचाच प्रश्न घोळत होता, बदलून मिळेल का.

वहिनीनं मात्र वेगळंच विचारलं. "तुझ्याकडून किती घेतले?" काहीच नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग आत जाऊन ती पावती घेऊन आली. आम्ही दोघांनी बसून त्या क्लिनिकला पत्र लिहिलं. अमुक तारखेला माझ्या दोन्ही गुडघ्यांत आपण जे टोचलं त्याचं नाव, ते कुठून आलं, त्याला कुणाची परवानगी होती आणि माझी नोंद आपल्याकडे आहे का, हे कळवावं. पोचपावतीचं रजिस्टर केलं. पोचपावती सही होऊन परत आली, त्याला आता सात आठवडे झाले.